दोन आकडे आणि एक विहीर

बीड शहर पृथ्वीवर नेमके कोठे आहे, असे संगणकाला विचारले तर तो दोन आकडे सांगतो : १८.९९ आणि ७५.७६. पहिला अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किती अंश. दुसरा रेखांश, म्हणजे ग्रीनिचपासून पूर्वेला किती अंश. आता हेच आकडे उलट क्रमाने वाचा. आपले बीड उचलून थेट नॉर्वेच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रात जाऊन पडते!

ऐकताना हसू येते. पण २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपण मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो, तेव्हा त्याच्याबरोबर असेच दोन आकडे जातात. रोजगार हमीच्या विहिरीची, शेततळ्याची नोंदही अशीच होते. आकडे चुकले, तर विहीर रानात आहे, तिला पाणी आहे, पण नकाशावर ती नाही. मग हेलपाटे कोणाला? शेतकऱ्यालाच.

ही चूक होते कशी? समजा, तुम्ही दुकानदाराला चिठ्ठी पाठवली आणि तीवर नुसते ‘२, ५’ लिहिले. दोन किलो गूळ आणि पाच किलो साखर, की उलटे? दुकानदार काय करणार, अंदाजच! संगणकाच्या यादीतली आकड्यांची जोडी अशीच मुकी असते. कोणता आकडा कशाचा, हे तिच्यावर लिहिलेले नसते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक जोडीचा ‘बिंदू’ बनवणे. वीट पाडायला साचा लागतो ना, तसा आज्ञावलीत बिंदूचा साचा करायचा. त्याला दोन खण, आणि खणांना नावे : अक्षांश, रेखांश. मग संगणकाला सांगायचे : यादीतली एकेक जोडी उचल, पहिला आकडा अक्षांशाच्या खणात ठेव, दुसरा रेखांशाच्या, आणि तयार झालेला बिंदू नव्या यादीत घाल. पायथॉनसारख्या भाषेत हे काम एका ओळीत होते. पुढे कोणीही ‘पहिला आकडा’ म्हणत नाही, ‘अक्षांश’ म्हणतो.

मात्र साच्यात घालण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, यादी देणाऱ्याचा क्रम कोणता? बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो. पण नकाशांच्या कामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या जिओजेसन पद्धतीत रेखांश आधी येतो. दुसरी, सगळे अक्षांश एका यादीत आणि सगळे रेखांश दुसऱ्या यादीत असतील, तर दोन्हींची संख्या मोजून घ्यावी. मधलाच एक आकडा गळाला, तर तेथून खालची प्रत्येक जोडी सरकते आणि माझी विहीर शेजाऱ्याच्या रानात जाते.

साच्याच्या तोंडाशी एक राखणदारही बसवता येतो. महाराष्ट्राचे अक्षांश १५ ते २३ च्या आत आहेत, रेखांश ७२ ते ८१ च्या आत. अक्षांशाच्या खणात ७५ आला, की राखणदाराने तेथेच अडवावे. चूक दारात सापडली तर ती मिनिटात सुधारते. नकाशा छापून झाल्यावर सापडली, तर सगळा गाव धुंडाळावा लागतो.

बिंदूला अंतर मोजायलाही शिकवता येते. आपल्या भागात उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे १११ किलोमीटर भरतो, पूर्व-पश्चिम मात्र सुमारे १०५. हा फरक एकदा साच्यात घातला, म्हणजे दर वेळी आठवावा लागत नाही.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना गावातल्या पाच विहिरींवर न्यावे आणि मोबाइलवर दिसणारे आकडे वहीत टिपून घ्यावेत. मग फळ्यावर ती यादी लिहिताना एक जोडी मुद्दाम उलटी लिहावी आणि विचारावे, ‘बाळांनो, यातली कोणती विहीर समुद्रात गेली?’ जे मूल ती शोधून काढील, त्याला आकड्याशेजारी नाव का लिहायचे, हे पुन्हा सांगावे लागणार नाही.