पूयजनक जंतू व त्यांपासून होणारे रोग

जखम चिघळली म्हणजे तीत पू होतो, हा मानवाचा फार जुना अनुभव आहे. परंतु पू ही जखम भरून येण्याची स्वाभाविक पायरी नसून विशिष्ट जंतूंच्या आक्रमणाचे ते फळ होय, हे ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. स्कॉटलंडमधील शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके करून राहणारे गोलाणू आढळले. त्यांना स्टॅफिलोकॉकस, म्हणजे पुंजगोलाणू, हे नाव पडले. माळेप्रमाणे ओळीने राहणाऱ्या दुसऱ्या वर्गास स्ट्रेप्टोकॉकस अथवा मालागोलाणू म्हणतात.

पू म्हणजे जंतूंशी झुंजून मृत झालेल्या श्वेतकोशिका, जिवंत व मृत जंतू, विरघळलेले ऊतक आणि रक्तद्रव यांचे मिश्रण होय. या दोन जंतूंच्या रोगांतील भेद त्यांच्या रासायनिक साधनांवरून उमगतो. पुंजगोलाणू रक्तद्रव गोठविणारे एंझाइम निर्माण करतात. त्यामुळे रोगस्थानाभोवती जणू तट उभा राहतो व आत दाट पिवळा पू साचतो. गळू, केसतूड, रांजणवाडी आणि हाडांतील मज्जेचा दाह हे त्यांचे प्रमुख विकार. उलटपक्षी, मालागोलाणू गोठलेले तंतू विरघळविणारी आणि ऊतकांतील बंध सैल करणारी एंझाइमे सोडतात. त्यामुळे पू पातळ राहतो, तट टिकत नाही आणि रोग वेगाने पसरतो. धावरे, घसादाह व बाळंतज्वर ही त्याची उदाहरणे. घसादाहानंतर काही आठवड्यांनी उद्भवणारा संधिवाती ज्वर हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी करू शकतो. मात्र तेथे जंतू प्रत्यक्ष हृदयात शिरत नाहीत. त्यांच्याविरुद्ध शरीराने उभारलेला प्रतिकारच शरीरावर उलटतो. याखेरीज फुप्फुसदाह, मस्तिष्कावरणदाह व परमा यांचे गोलाणू आणि भाजलेल्या जखमेत निळसर हिरवा पू आणणारे स्यूडोमोनस दंडाणू हेही पूयजनकच होत.

जंतू रक्तात शिरून वाढू लागले म्हणजे केवढा अनर्थ होतो, याचे एक उदाहरण सोलापूरच्या इतिहासाशी निगडित आहे. चीनमधील युद्धक्षेत्रात कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या बोटाला शस्त्रक्रिया करताना जखम झाली. तीतून जंतू रक्तात भिनले व १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाची धुरा पुढे १९४१ मध्ये सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी वाहिली. सल्फा औषधांचा शोध १९३५ मध्ये जाहीर झाला होता. परंतु पेनिसिलीन हे औषध म्हणून १९३९ मध्ये अद्याप उपलब्ध नव्हते. एका शल्यविशारदाचा प्राण घेण्यास बोटाची जखम पुरेशी ठरली, यात त्या काळाची असहायता दिसून येते.

पुढे पेनिसिलीनने हे चित्र पालटले. महाराष्ट्रात पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्याने भारतातच त्याचे उत्पादन सुरू केले. मालागोलाणू आजही पेनिसिलीनला वश आहेत. पुंजगोलाणूंनी मात्र पेनिसिलीनचे विघटन करणारे एंझाइम निर्मून त्याला निष्प्रभ केले. त्यावर तोड म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलीन आले, तर अवघ्या दोन वर्षांत, १९६१ मध्ये, त्यालाही न जुमानणारे वाण ब्रिटनमध्ये आढळले. आज अशा वाणांचा उपद्रव जगभरच्या रुग्णालयांत आहे.

सुमारे एकतृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात पुंजगोलाणूंचा वास असतो. म्हणून त्यांचे समूळ उच्चाटन शक्य नाही. साचलेल्या पुवात औषधे पुरेशी पोहोचत नाहीत, आणि यास्तव गळवास चीर देऊन निचरा करणे हा प्राचीन उपाय आजही अटळ आहे. हातांची स्वच्छता, उपकरणांचे निर्जंतुकीकरण आणि प्रतिजैवांचा संयमाने वापर या तीन गोष्टींवरच या जंतूंविरुद्धचा लढा अवलंबून आहे.