कोतवालापुढचा चित्रकथी

केरीच्या धक्क्यावर पोचावं आणि फेरीबोट नेमकी पलीकडे असावी, म्हणजे थांबण्यावाचून इलाज नाही. गोव्यात केरी तीन. एक सत्तरीत, एक फोंड्यात आणि ही पेडण्याची. मागे सुरूचं बन, पुढे समुद्राला भिडणारी तेरेखोलची नदी, आणि पलीकडच्या टेकाडावर किल्ला. तो सतराव्या शतकात सावंतवाडीकर खेम सावंत भोसल्यांनी बांधला आणि १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदा याने घेतला. त्याच वर्षी, तेरेखोलच्या आधी, त्याने पेडण्यातलंच हळर्ण घेतलं होतं. या पराक्रमाबद्दल लिस्बनच्या दरबाराने त्याला नवा किताब दिला : मार्केझ द आलोर्न. आलोर्न म्हणजे आपलं हळर्णच. पोर्तुगीज जिभेवर ‘ह’ टिकत नाही.

प्राचीन रोमच्या कवितेवर लिहायचं ठरवून मी केरीत काय करतो आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर या किताबात आहे.

या मार्केझची नात लिओनोर द आल्मेदा, जन्म १७५०. तिचं आजोळ ताव्होरा घराण्याचं. राजाच्या खुनाच्या कटाचा आरोप ठेवून १७५९ मध्ये त्या घराण्यातल्या प्रमुखांना जाहीर देहदंड झाला. वडील तुरुंगात गेले आणि आठ वर्षांची लिओनोर आईबरोबर शेलशच्या मठात कोंडली गेली. सुटका झाली १७७७ मध्ये. त्या भिंतींआड ती लॅटिन शिकली, कविता करू लागली, चित्रं काढू लागली. पुढे ती पोर्तुगालची नामांकित कवयित्री झाली, आणि साहित्याच्या इतिहासात तिला ओळखतात ते ‘मार्केझा द आलोर्न’ म्हणून. हळर्णची सरदारीण! हळर्णात तिचं पाऊल कधी पडलं नाही. तिने १८१२ साली लंडनहून एक पुस्तक छापून आणलं. त्यात रोमन कवी होरेसच्या काव्यशास्त्रावरच्या पद्यपत्राचा तिने केलेला अनुवाद आहे.

कविता ही चित्रासारखी असते, हे युरोपभर दोन हजार वर्षं घोकलं गेलेलं वचन याच पत्रातलं. होरेसचं म्हणणं खरं तर साधं होतं. काही चित्रं जवळून आवडतात, काही लांबून, एखाद्याला अंधार मानवतो, एखाद्याला लख्ख उजेड, कवितेचंही तसंच. पण पुढच्या चित्रकारांनी त्यातून परवानाच काढला. कवितेला जे जमतं ते आम्हालाही जमतं, असा. व्हेनिसच्या तित्सियानने ओव्हिडच्या ‘रूपांतरां’तल्या कथांवर सहा मोठी चित्रं रंगवली आणि त्यांना तो सरळ ‘कविता’च म्हणत असे. ती ज्या राजासाठी रंगवली तो स्पेनचा दुसरा फिलिप. १५८० साली पोर्तुगालची गादी त्याच्याकडे गेली, आणि गोवाही. त्याच वर्षी लिस्बनमध्ये पोर्तुगिजांचा महाकवी लुईश द कामोंइश वारला.

इथून आपण पणजीत येतो.

आझाद मैदानाला लागून असलेल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत शिरलं की भिंतीभर निळ्या रंगात रंगवलेल्या चिनीमातीच्या फरश्या दिसतात. जहाजं, शिडं, चिलखतं, दाढीवाले दर्यावर्दी. या फरश्यांना पोर्तुगीजमध्ये आझुलेजो म्हणतात. ‘आझुल’ म्हणजे निळा, म्हणून आझुलेजो, अशी समजूत आहे, ती चुकीची. शब्द मूळ अरबी आहे आणि त्याचा अर्थ घोटीव दगड. योगायोग असा की या भिंती रंगवणारा जोर्ज कुलासो हाही अरबी मुलखातच, तांजियरला १८६८ मध्ये जन्मला. पोर्तो शहराच्या साओ बेंतो स्टेशनातल्या त्याच्या सुमारे वीस हजार फरश्या बघायला आज जगभरचे प्रवासी जातात. पणजीच्या फरश्या १९३५ च्या, म्हणजे त्याच्या उतारवयातल्या. विषय आहे कामोंइशचं ‘लुझिअदश’ हे महाकाव्य.

कामोंइश गोव्यात आला १५५३ साली, साधा शिपाई म्हणून. ज्या जहाजातून आला त्याचंही नाव साओ बेंतो. इथल्या शहराबद्दल त्याने पत्रात जे लिहिलंय ते वाचून कुणा गोंयकाराचा ऊर भरून येणार नाही. तरी त्याची छापून आलेली पहिली कविता गोव्यातच छापली गेली. गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये काढलेल्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात, मिरी, हिंग आणि आंब्यांच्या संगतीत! ‘लुझिअदश’ आलं १५७२ मध्ये, लिस्बनला. सर्ग दहा, कडवी अकराशे दोन, नायक वास्को द गामा.

आणि साचा रोमन कवी व्हर्जिलचा. ट्रॉय जळाल्यावर बापाला खांद्यावर घेऊन, मुलाचं बोट धरून निघालेला ईनिअस समुद्र तुडवत इटलीला पोचतो आणि त्याच्या वंशातून रोम उभं राहतं, ही ‘ईनिड’ची कथा. श्रावणबाळाच्या कावडीवर वाढलेल्या आपल्याला तो बाप खांद्यावर घेतलेला माणूस परका वाटू नये. व्हर्जिल इसवी सनापूर्वी १९ मध्ये मेला तेव्हा काव्य अपुरं होतं आणि ते जाळून टाका असं तो सांगून गेला होता. सम्राट ऑगस्टसने ते जाळू दिलं नाही. राज्याला अशा काव्याची गरज असते. कामोंइशने गामाच्या सफरीवर रोमच्या देवांचं अख्खं मंडळ बसवलं. व्हीनस पोर्तुगिजांच्या बाजूला, कारण ते तिला तिच्या लाडक्या रोमनांसारखे वाटतात. मद्यदेव बॅकस विरोधात, कारण हिंदुस्थान आधी आपण जिंकला असा त्याचा दावा. कालिकतच्या देवळातल्या मूर्तीही कवी रोमच्याच चष्म्यातून पाहतो. अनेक हातांची मूर्ती त्याला शंभर हातांचा ब्रायरिअस वाटते, अनेक तोंडांची दिसली की जेनस आठवतो.

माझ्या मते हे काव्य खरं उघडतं ते आठव्या सर्गात. तिथे लढाई नाही, वादळ नाही. कालिकतचा एक अधिकारी पोर्तुगीज जहाजावर येतो. कामोंइश त्याला ‘कातुआल’ म्हणतो. कान देऊन ऐकलं तर तो आपला कोतवाल. जहाजावर रेशमी निशाणं लावलेली आहेत आणि त्यांवर माणसांची चित्रं. कोतवाल विचारतो, हे कोण? आणि वास्कोचा भाऊ पावलो द गामा एकेका चित्रापुढे उभा राहून सांगू लागतो. हा लुझुस, याच्यावरून आमच्या देशाचं नाव. हा युलिसिस. हा विरिआतो, मेंढपाळ, ज्याने रोमला पाणी पाजलं. (रोमन साच्यातल्या काव्यात रोमच्या वैऱ्याची मिरवणूक! कामोंइशला ही गंमत कळत असावी.) मध्ये मोंसाइद नावाचा मुसलमान दुभाष्या. चित्र, बोट, गोष्ट; पुढचं चित्र.

हे मी कुठे पाहिलंय ते लगेच आठवलं. पिंगुळीला.

केरीहून नदी ओलांडून सिंधुदुर्गात शिरलं की कुडाळजवळ पिंगुळी. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवतात. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला म्हणतात पोथी. सांगणारा फळीच्या आधाराने एक चित्र उभं करतो, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने तेवढा प्रसंग गातो, चित्र उलटतो, पुढचं उभं करतो. त्यांना आश्रय दिला तो सावंतवाडीच्या भोसल्यांनी. म्हणजे तेरेखोलचा किल्ला आणि पिंगुळीची पोथी एकाच घराच्या सावलीतली. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर वर्तमानपत्रांनी पिंगुळीला फेऱ्या मारल्या. एरवी तिथे जाणारे थोडेच. पिंगुळीचं चित्र नुसतं टांगून ठेवलं तर ठसठशीत, टपोऱ्या डोळ्यांचं, जरा आखडलेलं वाटतं. गाणं सुरू झालं की तेच डोळे कुणाकडे तरी बघू लागतात.

पावलो द गामा हा कोतवालापुढचा चित्रकथी. कामोंइशला पिंगुळी माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने ही युक्ती उचलली व्हर्जिलकडून. ‘ईनिड’च्या पहिल्याच भागात वादळातून वाचलेला ईनिअस कार्थेजला पोचतो. तिथे राणी डिडो जूनोचं देऊळ बांधते आहे आणि भिंतीवर ट्रॉयच्या युद्धाची चित्रं आहेत. स्वतःचं युद्ध परक्या गावातल्या भिंतीवर! म्हातारा प्रायम, हेक्टरचं प्रेत, आणि गर्दीत एके ठिकाणी स्वतः ईनिअस. तो रडतो. त्याला कुणी काही सांगावं लागत नाही.

याच्या तोडीचा प्रसंग मला दुसरा एकच ठाऊक आहे, आणि तो लिहिणारा आपला, विदर्भातल्या पद्मपुराचा. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक. राज्याभिषेक होऊन गेलाय, सीतेला दिवस गेलेत, आणि लक्ष्मण दोघांना त्यांच्याच आयुष्याची रंगवलेली चित्रं दाखवायला नेतो. पंचवटी आली, शूर्पणखेचं चित्र आलं आणि सीता घाबरली. जणू ते सगळं आताच घडतंय. राम तिला सांगतो की हे नुसतं चित्र आहे. मग तिला वाटतं, ती रानं पुन्हा पाहावीत. या इच्छेच्याच वाटेने पुढे तिचा त्याग होतो. व्हर्जिलच्या भिंतीवर गेलेलं दुःख आहे, भवभूतीच्या भिंतीवर येणारं. भवभूती आठव्या शतकातला. त्याच्या कानावर व्हर्जिलचं नाव पडलं असण्याचा संभव नाही. मला भवभूती दोन बोटं वर वाटतो. मराठी माणूस म्हणून पक्षपात असेल, असू दे.

आता पुन्हा पणजीच्या भिंतीपुढे उभं राहू. ज्यांचं नाव या संस्थेला आहे त्या लुईश द मिनेझिस ब्रागांझांनी १९३० साली विधिमंडळात पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध ठराव मांडला होता. साम्राज्याची ही निळी आरती भिंतीवर चढली त्यानंतर पाच वर्षांनी. तेव्हा १८७१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं नाव वास्को द गामाचं होतं. १९६३ मध्ये ते बदललं. जुन्या गोव्यात १९६० साली उभारलेला कामोंइशचा ब्राँझचा पुतळाही पुढे उचलून पुरातत्त्व संग्रहालयात ठेवला. फरश्या राहिल्या. राहिल्या ते बरं झालं, असं मला वाटतं; पण राहिल्या त्या मुक्या होऊन. पोर्तुगीज शाळेत कामोंइश पाठ केलेली पिढी सरली. माझ्यासमोरच एक मुलगा आला, निळ्या जहाजापुढे मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला आणि गेला. त्याचं काय चुकलं? भिंतीपुढे उभं राहून बोट दाखवणारं कुणी नव्हतं.

पेडणे महाल पोर्तुगिजांकडे कायमचा आला १७८८ मध्ये, ‘लुझिअदश’ छापल्यावर दोनशे सोळा वर्षांनी. त्या काव्यातला विजय केरीच्या माणसाचा कधीच नव्हता, पराभवही नव्हता. त्याच्या रात्री जत्रेतल्या दशावतारात गेल्या. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रही समोरच्या किल्ल्यात घुसले आणि त्यांनी तिरंगा लावला, तो प्रसंग मात्र इथल्या माणसांचा. त्यावर कुणी फरश्या रंगवलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत.

आठव्या सर्गात पावलोचं सांगणं संपतं तेव्हा दिवस मावळत असतो. कोतवाल आणि त्याची माणसं पडावात बसून किनाऱ्याला परततात. घरी जाऊन त्याने बायकोला काय सांगितलं, ते कामोंइशने लिहिलेलं नाही. पिंगुळीच्या कुणा चित्रकाराने मनावर घेतलं तर नव्या पोथीचं पहिलं पान तिथूनच उघडता येईल : ओसरीवर दिवा, पाय धुऊन आलेला कोतवाल, आणि दारात उभी राहून विचारणारी त्याची बायको.