भातखाचरातला आठ पायांचा राखणदार

घरात कोळिष्टक दिसले की आपण केरसुणी उचलतो. घरापुरते ते ठीक आहे. पण तोच राग घेऊन शेतात जाऊ नका, एवढेच आज सांगायचे आहे.

कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला पाय सहा, कोळ्याला आठ. पंख नाहीत, मिशा नाहीत. गुरुजींनी मुलांकडून पाय मोजून घ्यावेत, म्हणजे पाठांतराची गरज नाही. शिवाय सगळेच कोळी जाळे विणत नाहीत बरं का! भारतापासून जपानपर्यंतच्या भातखाचरांत आढळणारा लांडगा-कोळी चुडाच्या बुंध्याशी, पाण्यावरूनसुद्धा, धावत शिकार करतो. मादी अंड्यांची पिशवी शरीराच्या मागच्या टोकाला चिकटवून हिंडते. पिल्ले निघाली की ती आईच्या पाठीवर बसतात. भक्ष्य चावून गिळणे कोळ्याला जमत नाही. तो त्यावर पाचक रस सोडतो आणि विरघळलेले पातळ अन्न शोषून घेतो.

त्याचे एक मोठे भक्ष्य म्हणजे आपला वैरी, तपकिरी तुडतुडा. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या माहितीप्रमाणे असा एक कोळी दिवसाला 5 ते 15 किडी फस्त करतो. कधी उपयोगी कीटकही खातो, आपल्या भाऊबंदांनाही सोडत नाही. तरी हिशेब शेतकऱ्याच्या बाजूचाच राहतो.

मग औषध मारल्यावर तुडतुडे वाढतात कसे? तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात, आत सुरक्षित असतात. फवारणीने कोळी मरतो, अंडी राहतात. ती फुटतात तेव्हा खाणारा कोणी उरलेला नसतो. इंडोनेशियात हेच झाले. अखेर 1986 साली तिथल्या सरकारने भातावर 57 कीटकनाशकांना बंदी घातली. पुढे जावा बेटावरील अभ्यासाचा निष्कर्ष 1996 साली प्रसिद्ध झाला, तो तर फार मोलाचा. लावणीनंतर कीड यायच्या आधीच खाचरात कोळी जमतात. त्या वेळी ते कुजक्या काडीकचऱ्यावर वाढणाऱ्या चिलटांवर जगतात. म्हणजे लवकर मारलेली फवारणी राखणदारालाही मारते आणि त्याच्या शिदोरीलाही.

आपल्याकडे पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात डॉ. टिकादर यांनी कोळ्यांवर पुष्कळ काम केले. लांडगा-कोळी आणि फुलात दबा धरणारा खेकडा-कोळी यांच्यावरचा ग्रंथ 1980 साली निघाला. पण जाती ओळखणे तज्ज्ञांवर सोडा. आपण मोजू शकतो. दर आठवड्याला खाचरात निरनिराळ्या ठिकाणचे 10 चूड निवडा, बुंधा हलकेच बाजूला करा आणि कोळी किती, तुडतुडे किती ते वहीत मांडा. शाळेच्या मुलांनी कोरड्या बांधावर एक पेला, काठ जमिनीशी सारखा ठेवून, संध्याकाळी पुरावा. सकाळी त्यात कोण पडले ते पाहावे, नोंद करावी, आणि कोळ्याला हात न लावता पेला आडवा करून सोडून द्यावे.