बातमीचंही लेबल वाचा

सावर्ड्याच्या बाजारात भाताचं बियाणं घेताना आपण पिशवीवरचं लेबल बघतो. निवडणुकीतली बातमीही तशीच पारखून घ्यावी.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत शब्दशः छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणलं. पैसे देऊन छापल्याचा आरोप झाला, पण २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाचा चव्हाणांविरुद्धचा आदेश रद्द केला. थोडक्यात, ‘पेड न्यूज’ सिद्ध करणं कठीण. तेव्हा वाचकानेच जागं राहायला हवं.

ओळखायचं कसं?

• दोन पेपरांत तोच मजकूर आहे का?
• नुसतीच स्तुती, पाणी-रस्त्याचा एकही प्रश्न नाही?
• प्रचारपत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ते बंधनकारक आहे.

मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुराला तर बहुधा लेबलच नसतं. शंका आल्यास निवडणूक काळात जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रार करा.

बियाणं फसलं तर एक हंगाम जातो, मत फसलं तर पाच वर्षं!