मायना, अंगठा आणि निळी खूण : समाजमाध्यमांतील खाजगी व कार्यालयीन संदेशव्यवहार

१

पत्र कोणी लिहिले, कोणास लिहिले आणि कोणत्या नात्याने लिहिले, या तीन प्रश्नांची उत्तरे मराठी पत्राच्या पहिल्या दोन ओळींतच मिळत असत. या ओळींना मायना म्हणतात. वडिलांना लिहिताना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, परक्या प्रतिष्ठित गृहस्थास ‘राजमान्य राजश्री’ आणि कार्यालयास ‘महोदय’ असे मायने रूढ होते. मायना हा केवळ शिष्टाचाराचा भाग नव्हता. पुढे येणारा मजकूर कोणासाठी आहे, म्हणजेच त्यात काय सांगता येईल आणि काय सांगता येणार नाही, याची मर्यादा तो आखून देत असे. गेल्या पंधरा वर्षांत व्हॉट्सॲप, फेसबुक आणि तत्सम समाजमाध्यमांनी मराठी माणसाच्या लेखनव्यवहारात मोठा बदल घडवून आणला आहे. या बदलाची चर्चा बहुधा शुद्धलेखनाचा ऱ्हास, इंग्रजी शब्दांची भेसळ किंवा वाचनाची उपेक्षा या अंगांनी होते. परंतु बदलाचे मूळ याहून खोल आहे. संदेशाचा वाचक अनिश्चित झाला, हा खरा बदल होय. त्याचे परिणाम घरगुती निवेदनावर आणि कार्यालयीन व्यवहारावर कसे होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात नळदुर्ग परिसराच्या संदर्भात करावयाचा आहे.

२

खाजगी मजकूर आणि कामाचा मजकूर एकत्र येणे ही समाजमाध्यमांनी आणलेली नवी गोष्ट आहे, असे सर्रास मानले जाते. मराठी पत्रव्यवहाराचा इतिहास पाहता हे मत टिकत नाही. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ व १८७७ सालांतील तीन पत्रे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. नायगावहून लिहिलेल्या १८६८ च्या पत्रात गावकऱ्यांच्या रोषातून एका युगुलाचा जीव वाचविल्याची हकीकत आहे. ओतूरहून लिहिलेल्या १८७७ च्या पत्रात दुष्काळाचे वर्णन आणि सत्यशोधकांच्या कामाचा वृत्तान्त आहे. ही पत्रे पत्नीने पतीला लिहिली आहेत आणि एका कार्यकर्तीने सहकाऱ्यासही. त्यांत घर आणि कार्य यांची सरमिसळ आहे. तरीही गोंधळ नाही, कारण वाचक एकच आहे आणि तो लिहिणारीला पूर्णपणे ठाऊक आहे. वा. म. जोशी यांच्या ‘इंदु काळे व सरला भोळे’ या पत्रात्मक कादंबरीचे तंत्रही याच तत्त्वावर उभे आहे. तेथे पत्राचा वाचक बदलला की लिहिणाऱ्या पात्राचा सूरही बदलतो.

वाचक निश्चित असणे म्हणजे मजकूर गुप्त असणे नव्हे. भारतात १८७९ साली सुरू झालेले पोस्टकार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणासही वाचता येत असे. तरीही त्याचा मायना एकाच घरास उद्देशून असे. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडण्याची रीत होती. अक्षरओळख नसलेल्या घरातही तो फाटका कोपरा पाहताच रडे सुरू होई. वार्ता वाचून झाल्यावर असे कार्ड घरात ठेवीत नसत. म्हणजे संदेशाचे स्वरूप, त्याचा वाचक आणि वाचल्यानंतरचे वर्तन, या तिन्ही गोष्टी एका फाटक्या कोपऱ्याने ठरत. तारेचेही तसेच होते. शब्दागणिक दाम मोजावे लागत असल्याने तार मितभाषी असे, आणि ती दारी आली की घरात धस्स होई. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, तोपर्यंत मोबाइलने तिचे काम केव्हाच हिरावून घेतले होते.

मायन्याचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. मायना नाते सांगत असे, तशी उतरंडही सांगत असे. स्त्रीच्या नावामागे ‘सौ.’ लावावयाचे की ‘गं. भा.’, यावरून तिचे सौभाग्य किंवा वैधव्य पाकिटावरच जाहीर होई. तेव्हा मायना गेला म्हणून केवळ हळहळ व्यक्त करणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. त्याच्याबरोबर काय गेले आणि काय गेलेच नाही, हे तपासणे अगत्याचे आहे.

३

नळदुर्ग परिसरात घरचा मजकूर आणि कचेरीचा मजकूर यांतील अंतर इतर मराठी प्रदेशांपेक्षा वेगळ्या कारणाने ठळक राहिले. १८५३ च्या तहान्वये निजामाने जे प्रदेश इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिले, त्यांत नळदुर्गही होता. तेथे कारभारी म्हणून आलेले फिलिप मेडोज टेलर हे किल्ल्यातच राहत. ठगांवरील कादंबरीमुळे त्यांचे नाव आधीच सर्वश्रुत झाले होते. टेलर यांच्या लेखनव्यवहारात दोन स्वतंत्र प्रवाह दिसतात. एक वरिष्ठांकडे जाणाऱ्या सरकारी अहवालांचा आणि दुसरा इंग्लंडातील आप्त हेन्री रीव्ह यांच्याशी चालणाऱ्या पत्रांचा. रीव्ह यांना लिहिलेली पत्रे १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एकाच लेखणीतून उतरणारे हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळत नसत, कारण त्यांचे वाचक भिन्न होते.

१८६० मध्ये हा प्रदेश निजामाकडे परत गेला. पुढे हैदराबाद संस्थानात फारशीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. १९४८ पर्यंत नळदुर्गच्या मराठी माणसाचा अर्ज आणि दाखला मुख्यतः उर्दूत असे आणि घरचे पत्र मराठीत, क्वचित मोडीत असे. घर आणि कचेरी यांच्यामधली सीमा येथे प्रत्यक्ष भाषेनेच आखली होती. १९५६ मध्ये हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस शासनव्यवहारात अधिकृत स्थान मिळाले. ‘कळविण्यात येते की’, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर’ ही कार्यालयीन मराठी या भागात रुळून जेमतेम तीन पिढ्या झाल्या आहेत. कर्मणी प्रयोगाने भरलेल्या या भाषेची पुष्कळ थट्टा झाली. तथापि, तिचा एक गुण थट्टेत हरवला. ती व्यक्तीला बाजूला ठेवून पदाशी बोलते. आवक-जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ आणि स्वाक्षरी या तिच्या पंचांगामुळे आदेश कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने दिला, हे पुढेही सिद्ध करता येते.

४

आता २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातील, नळदुर्गसारख्या गावातील एखाद्या महाविद्यालयाचा वा कार्यालयाचा व्हॉट्सॲप समूह डोळ्यांपुढे आणावा. सकाळी सुविचार, त्याखाली बैठकीची सूचना, त्याखाली प्राचार्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग एका सहकाऱ्याच्या मातोश्रींच्या निधनाची वार्ता आणि तिच्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग. मध्येच ‘माहिती आज पाच वाजेपर्यंत सादर करावी’ असा आदेश. या सर्व मजकुरांना एकच रूप, एकच आकार आणि एकच वाचकवर्ग आहे. फाटक्या कोपऱ्याचे काम करणारी कोणतीही खूण येथे नाही. शोक आणि शेरा एकाच रकान्यात लागोपाठ येतात. पुढचा संदेश टाकणारा निष्ठुर असतो असे नाही. माध्यमानेच त्याला थांबण्याची जागा ठेवलेली नसते.

शोकाचे रूपही यामुळे बदलते. पूर्वी सांत्वनपर पत्र लिहिणारा दुःखिताशी बोलत असे. समूहावर श्रद्धांजली वाहणारा दुःखिताशी बोलतो की उपस्थित समूहासमोर आपली हजेरी नोंदवितो, हे सांगणे कठीण होते. शंभर जणांत ज्याचा संदेश नाही, त्याची अनुपस्थितीच लक्षात राहते. वरिष्ठांच्या वाढदिवसासही हाच न्याय लागू पडतो. मायन्यातील उतरंड गेली असे वाटते, पण ‘आदरणीय सर’ आणि ‘होय सर’ यांच्या ओळींतून ती परत येते. पूर्वी ती दोघांत होती, आता ती सर्वांदेखत आहे.

‘स्टेटस’ नावाच्या सोयीत हीच अडचण दुसऱ्या बाजूने प्रकट होते. पावसाळ्यात बोरी नदीला पूर आला की नळदुर्गच्या किल्ल्यातील बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळू लागतात आणि त्यांची चित्रे हातोहाती पसरतात. एखाद्या अध्यापकाने रजेच्या दिवशी मुलांना घेऊन तो देखावा पाहिला आणि छायाचित्र स्टेटसवर ठेवले, तर ते बहिणीला दिसते, विद्यार्थ्याला दिसते आणि रजा मंजूर करणाऱ्यालाही दिसते. बहिणीसाठी तो आनंद आहे, विद्यार्थ्यासाठी कुतूहल आहे, वरिष्ठासाठी कदाचित पुरावा आहे. एकाच चित्राचे तीन अर्थ होतात, कारण वाचक तीन आहेत. परिणामी, माणूस सर्वांना चालेल तेवढेच सांगू लागतो. सांगण्याचे प्रमाण वाढते आणि हितगुज कमी होते.

कार्यालयीन व्यवहारातील सर्वांत बोलके चिन्ह अंगठ्याचे आहे. मराठीत अंगठ्याला मोठा इतिहास आहे. ज्याला सही करता येत नाही तो अंगठा उठवितो. सावकाराच्या कागदावर, न वाचलेल्या मजकुराखाली उठविलेल्या अंगठ्यांनी अनेक घरांची जमीन गेली. साक्षरतेच्या चळवळीचे एक उद्दिष्टच अंगठ्याच्या जागी सही आणणे हे होते. आज पीएच. डी. झालेला अध्यापक आदेशाखाली अंगठ्याचे चित्र उमटवितो. त्याचा अर्थ ‘वाचले’, ‘मान्य आहे’ की ‘नाइलाज आहे’, हे त्या चित्रावरून कळत नाही. कार्यालयीन पत्राला ‘पोहोच’ वेगळी आणि ‘संमती’ वेगळी असे. पत्र मिळाले अशी सही करूनही त्यास लेखी हरकत घेता येई. अंगठ्याच्या चित्राने पोहोच आणि संमती यांतील हे अंतर पुसून टाकले. कनिष्ठ कर्मचाऱ्याचा हरकत घेण्याचा आणि काही काळ मौन राहण्याचा अवकाश त्याबरोबर आक्रसला. कंत्राटी वा तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाच्या बाबतीत हा प्रश्न शैलीचा राहत नाही, उपजीविकेचा होतो.

५

न्यायालय आणि शासन यांनाही या चिन्हांचा अर्थ लावावा लागला आहे. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सॲपवरून पाठविलेली नोटीस बजावली गेल्याचे मान्य केले. संदेश पोहोचला एवढेच नव्हे, तर जोडलेला कागद उघडला गेला, हे निळ्या खुणांवरून न्यायालयाने ग्राह्य धरले. २०२१ मध्ये याच न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, समूहातील सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ समूहचालक आहे म्हणून कोणास जबाबदार धरता येत नाही, असा निर्वाळा दिला. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांच्या वापराबाबत सूचना काढल्या. त्यांत वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास सांगितले आहे, अंतर्गत समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांच्या वापरास मुभा आहे, आणि शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास मनाई आहे. खाती वेगळी ठेवण्याची सूचना म्हणजे एका अर्थाने हरविलेला मायना नियमाने परत आणण्याचा प्रयत्न होय. मात्र त्याच सूचनांतील टीकेची मनाई घराच्या बाजूची जागाही अरुंद करते. कामाच्या वेळेनंतर संदेशास उत्तर न देण्याचा हक्क देऊ पाहणारे खाजगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये असा कायदा १ जानेवारी २०१७ पासून अमलात आहे.

निनावी मजकुराचा धोका याहून भयंकर आहे. ‘फॉरवर्ड’ केलेल्या संदेशाला मायना नसतो आणि सहीही नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षुकी करणाऱ्या माणसांना ती अफवा भोवली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर निर्बंध घालण्याचे जाहीर केले. ज्या मजकुराचा लेखक नाही, त्याचे उत्तरदायित्वही कोणाकडे नसते, हा पत्रशास्त्राचा साधा सिद्धान्त येथे पाच जिवांच्या मोलाने सिद्ध झाला.

६

या चित्राला उजळ बाजूही आहे आणि ती भाषाभ्यासकाने दुर्लक्षू नये. लिहिता न येणाऱ्या माणसाला पत्रासाठी दुसऱ्याची लेखणी शोधावी लागे, आणि लेखनिकासमोर मनातले सांगताना जीभ अडखळे. ध्वनिसंदेशाने हा मध्यस्थ दूर केला. नळदुर्ग परिसरात मराठी, दखनी, कानडी आणि तेलुगू शेजारी शेजारी नांदतात. जी बोली पत्रात उतरताना प्रमाण मराठीचा अंगरखा घाली, ती आता स्वतःच्या हेलासह पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलापर्यंत पोहोचते. आईच्या ध्वनिसंदेशाला मायना लागत नाही, कारण तिचा आवाज हाच मायना असतो. ज्या संदेशाचा वाचक किंवा श्रोता निश्चित आहे, तेथे नवे माध्यमही जुन्या पत्राइतकेच जिव्हाळ्याचे ठरते, हा त्यातून निघणारा निष्कर्ष होय. दोष यंत्राचा कमी आणि वाचकांच्या गर्दीचा अधिक आहे.

मराठी विभागांच्या दृष्टीने यातून दोन कामे पुढे येतात. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात अर्ज, परिपत्रक आणि इतिवृत्त शिकविले जाते. त्यांच्या जोडीला कार्यालयीन संदेशाची शिस्तही शिकविली पाहिजे. विषय, दिनांक, आदेश देणाऱ्याचे पद आणि उत्तराची मुदत या चार गोष्टी चार ओळींच्या संदेशातही लिहिता येतात. शोकवार्ता आणि आदेश यांचे समूह वेगळे ठेवणे हीसुद्धा भाषिक सभ्यताच आहे. दुसरे काम जतनाचे आहे. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे जपली गेली म्हणून त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघू शकले. आजच्या लेखकाचा पत्रव्यवहार भ्रमणध्वनीबरोबर नष्ट होतो. काही संदेश तर ठरावीक मुदतीनंतर आपोआप नाहीसे होतील अशीच योजना असते. उद्याच्या चरित्रकाराला श्रद्धांजलीच्या रांगा मिळतील, पण एका माणसाने एका माणसाला रात्री लिहिलेले चार शब्द मिळतीलच असे नाही. ते शब्द लिहिले जावेत यासाठी आधी ते कोणाला लिहावयाचे, हे ठाऊक असावे लागते. मायन्याचे काम तेवढेच होते, आणि ते अद्याप संपलेले नाही.