मार्कशीटमध्ये न बसणारं
तुमच्या सीव्हीत दहावीचे टक्के अजून आहेत ना? माझ्याही आहेत! पण साधा फ्यूज उडाला की आपण इलेक्ट्रिशियनला फोन लावतो. म्हणूनच मला सेवाग्रामच्या 'आनंद निकेतन' शाळेचं अप्रूप वाटतं. गांधीजींनी १९३७च्या वर्धा परिषदेत मांडलेली 'नई तालीम', म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, तिथे २००५मध्ये पुन्हा सुरू झाली. शेती, स्वयंपाक, शिवण हाच अभ्यास. वाफा मोजला की क्षेत्रफळ आलंच! (मुलांच्या सूतकताईतून मास्तरांचा पगार काढायची गांधीजींची कल्पना मात्र मला अजिबात पटत नाही.) पालक 'स्कोप काय?' विचारणारच. पण टक्क्यांवर मिळालेली नोकरी टिकते ती चारचौघांबरोबर काम जमण्यावर. त्यासाठी आमच्या शाळेत एकच तास होता, पी.टी.चा. तोही गणिताच्या बाई घ्यायच्या!