कोरड्या सुरतेचा साहित्यिक पेला

गुजरातमध्ये राज्यस्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. त्यामुळे 'अमुक लेखक येथे बसत असे' अशी पाटी मिरवणारे जुने मद्यगृह सुरतेत सापडणार नाही. तरीही मद्यगृहे आणि साहित्य यांच्या नात्यात या बंदराला स्थान आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील 'मरमेड' या मद्यगृहात दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एक रसिक मंडळ जमत असे. युरोपातील भटकंतीवर १६११ मध्ये पुस्तक प्रसिद्ध करणारा टॉमस कोरियट हा त्यांपैकीच. पुढच्याच वर्षी तो पूर्वेकडे निघाला आणि बरीचशी वाट पायी तुडवत अजमेरला, जहांगीराच्या दरबारी पोहोचला. तेथून १६१५ मध्ये त्याने मित्रांना पत्र धाडले. पत्ता अर्थातच 'मरमेड'चा! डिसेंबर १६१७ मध्ये तो आजारी अवस्थेत सुरतेला आला. इंग्रज व्यापाऱ्यांनी मायदेशाहून आलेली 'सॅक' ही मदिरा त्याच्यापुढे ठेवली. ती घेतल्यावर अतिसार बळावला आणि तेथेच त्याचा अंत झाला. एडवर्ड टेरी या पाद्र्याने ही हकिकत नोंदवली आहे.

याच शहरातील इंग्रजांच्या वखारीत मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे मिश्रण पितात, असे १६३८ मध्ये मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने लिहिले. हेच ते 'पंच'. १६८९ मध्ये आलेल्या ओविंग्टनच्या प्रवासवर्णनात तर पंचसाठी गोव्याचा अरक वापरला जात असल्याचा उल्लेख आहे.

सुरतेची सर्वांत प्रसिद्ध बैठक मात्र मद्याची नव्हे, कॉफीची आहे आणि तीही कल्पित. फ्रेंच लेखक बर्नार्दँ द सँ-पिएर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेच्या कॉफीगृहाची कथा लिहिली. तो स्वतः मॉरिशसपर्यंत आला होता. भारत त्याने पाहिला नव्हता. तिच्यात नाना देशांचे प्रवासी आपलाच देव खरा म्हणून हमरीतुमरीवर येतात. अखेर कन्फ्यूशियसचा एक अनुयायी सूर्याचा दृष्टान्त देऊन अशा वादांचे मूळ अहंकारात असल्याचे दाखवतो आणि सारे निरुत्तर होतात. टॉलस्टॉयला ही कथा इतकी भावली, की १८९३ मध्ये त्याने ती रशियन भाषेत आणली.

'मरमेड' १६६६ च्या लंडनच्या आगीत भस्मसात झाले. सुरतेचे ते कॉफीगृह मात्र कागदावरच उभे राहिले, म्हणून आजही उघडे आहे. आणि तिथला वाद अजून मिटलेला नाही.